नानांचा चेहरा आणि पारसनीसांचे रुमाल



आजच्या विषयात एक चित्रकार आहे आणि एक संग्राहक आहे. दोघांपैकी एकही नगरचा नाही. चित्रकार स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा, संग्राहक साताऱ्याचा. तरीही हा विषय नगरच्या व्यासपीठावरूनच मांडावा असे मला वाटले. या चित्रकाराने ज्यांना समोर बसवून रंगवले, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चढता दिवस आपल्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला उजाडला, आणि सगळ्यात उतरते महिने त्यांच्यापैकी एकाने आपल्याच भुईकोट किल्ल्यात काढले. जिल्ह्याचे नाव कागदोपत्री अहिल्यानगर झाले, बोलताना माझ्या तोंडात नगरच येते; तेवढे सांभाळून घ्या.

चित्रकाराचे नाव जेम्स वेल्स. जन्म १७४७ चा. थोडेफार शिक्षण ॲबर्डीनला झाले, पण चित्रकला बहुतांशी स्वतःची स्वतः शिकलेली. लंडनमध्ये चित्रे प्रदर्शनात लागली, नाव मात्र फारसे झाले नाही. त्या काळी अशा चित्रकाराला हिंदुस्थान हा एक रस्ता दिसे. नबाब, राजे, कंपनीचे अधिकारी, सगळ्यांना आपली तसबीर हवी असे. कंपनीचा परवाना काढून वेल्स १७९१ च्या जुलैत मुंबईला उतरला. कलकत्ता आणि लखनौ इथे आधीच गोऱ्या चित्रकारांची गर्दी झाली होती. पश्चिम किनारा त्या मानाने मोकळा होता. पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता सर चार्ल्स मॅलेट. त्याच्या ओळखीने वेल्स पुण्यात आला आणि पुढच्या तीन वर्षांत त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे अशी माणसे समोर बसवली. महादजी म्हणजे तुम्हाला लांब जायला नको, पारनेर तालुक्यातल्या जामगावचा त्यांचा वाडा तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

सवाई माधवराव आणि नाना यांचे १७९२ चे मोठे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच्या प्रती आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो. पेशवे त्या वेळी अठरा वर्षांचे. जवळ नाना, मागे सेवक. त्या चित्रात वयाचा खेळ पाहण्यासारखा आहे. पेशव्यांच्या चेहऱ्यावर अजून कोवळेपणा आहे. नानांचा चेहरा मात्र लांबट, गालफडे बसलेली, डोळे कुणावरही पटकन विश्वास न टाकणारे. आज महाराष्ट्रात नानांचा पुतळा करायचा असो की नाटकातल्या नानांचा रंगपट, चेहरा शेवटी या परंपरेतूनच उचलला जातो. एका अर्थी नानांचा चेहरा आपल्याला वेल्सने दिला, हे मान्य करायला संकोच वाटू नये.

पण चित्र म्हणजे पुरावा किती, हा प्रश्न इथेच सुरू होतो. त्यासाठी दुसरे एक चित्र घेऊ. लंडनच्या टेट संग्रहालयात थॉमस डॅनियलचे भव्य चित्र आहे: पेशव्यांच्या दरबारात मॅलेट टिपूविरुद्धचा तह करतो आहे. प्रसंग १७९० चा. दरबार भरलेला, खांब, गालिचे, मानकऱ्यांच्या रांगा, प्रत्येक चेहरा वेगळा. पाहणाऱ्याला वाटते की चित्रकार कोपऱ्यात उभा राहून सगळे टिपत होता. आता तारखा लावून पाहा. तह १७९० चा. वेल्स मुंबईला उतरला १७९१ मध्ये. तेव्हा हा प्रसंग वेल्सने पाहिलेला नाही. मॅलेटने त्याच्याकडून हे चित्र करवून घ्यायचे ठरवले, वेल्सने माणसांचे चेहरे, पोशाख, दरबाराची जागा यांचे अभ्यास केले, आणि १७९५ च्या नोव्हेंबरात तो वारला. कान्हेरीच्या लेण्यांची रेखाटने करायला साष्टीत गेला होता, तिथे आजारी पडला. मग ते अभ्यास डॅनियलच्या हाती गेले आणि चित्र १८०५ मध्ये लंडनला रॉयल ॲकॅडमीत लागले. म्हणजे ज्याने चेहरे पाहिले त्याने प्रसंग पाहिला नव्हता, आणि ज्याने चित्र पुरे केले तो दुसऱ्याच्या कागदांवरून काम करत होता. चेहरे खरे, दरबार रचलेला. इतकी साधी गोष्ट चित्रासमोर तासभर उभे राहून कळत नाही. ती कळते कागदांवरून: परवान्यावरून, रोजनिशीवरून, वकिलाच्या पत्रांवरून.

वेल्सच्या मागे त्याच्या मुली पोरक्या झाल्या. त्यांची जबाबदारी मॅलेटने घेतली, आणि १७९९ मध्ये थोरल्या सुझानाशी लग्नही केले. ही बाब कौटुंबिक वाटेल, पण संशोधकाच्या दृष्टीने तीच निर्णायक ठरली. चित्रकाराचे कागद आणि वकिलाचे कागद एकाच घरात आले आणि त्या घराने ते पिढ्यान्‌पिढ्या राखले. आज वेल्सची रोजनिशी अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पॉल मेलन या धनिक संग्राहकाच्या देणगीतून ते केंद्र १९७७ साली उभे राहिले. मिल्ड्रेड आर्चरबाईंनी १९७९ मध्ये हिंदुस्थानातल्या ब्रिटिश व्यक्तिचित्रणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात वेल्सला त्याची योग्य जागा मिळाली. अलीकडे हॉली शाफर यांनी मराठे आणि इंग्रज यांच्या कलाव्यवहारावर सविस्तर काम केले आहे.

येलच्या त्याच संग्रहात आपला एक माणूस आहे. गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याचा. मॅलेटसाठी त्याने वेरूळची रेखाटने केली, कैलास लेण्याची केली, पेशव्यांच्या शिकारखान्यातले प्राणी काढले. त्यातला १७९० चा गेंडा मला फार आवडतो. वेल्स अजून मुंबईलाही आलेला नव्हता, तेव्हाचे हे काम. म्हणजे तांबटाला चित्र काढायला वेल्सने शिकवले, हे जे सरसकट सांगितले जाते त्याला त्या गेंड्यानेच धक्का दिला आहे. तांबटाचा हात आधीच तयार होता. वेल्सकडून त्याने छायाप्रकाशाची, खोलीची इंग्रजी रीत उचलली असेल. शनिवारवाड्यात वेल्सची चित्रशाळा होती असेही आपण ऐकतो. शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाके आणि हजेरीपट येतो. माझ्या मते तो एक कारखाना असावा, पेशवाईत फरासखाना, जवाहिरखाना असे कारखाने असत त्या अर्थाने: एक उस्ताद, चारदोन हात, आणि मागणीप्रमाणे काम. त्याला कला महाविद्यालयाचा पूर्वज ठरवण्याची घाई करू नये.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. संगमावरची इंग्रज वकिलात त्याआधीच, १८१७ च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईच्या दिवशी जाळली गेली. तिथला तेव्हाचा वकील एल्फिन्स्टन याचा ग्रंथसंग्रह तिच्याबरोबर जळाला. ज्या दोन जागांमध्ये हा चित्रकार वावरला त्या दोन्ही जळाल्या. तेव्हा पुण्यात त्याच्या कामाचा शोध घ्यायचा तर दगडमाती सोडून कागदांकडेच जावे लागते. इंग्रजी बाजू थोडीफार येलला आणि लंडनला आहे. मराठी बाजूचे काय?

इथे आपला संग्राहक येतो. दत्तात्रय बळवंत पारसनीस. जन्म १८७०, मृत्यू १९२६. विद्यापीठाची पदवी नाही, प्राध्यापकी नाही, कुठल्या संस्थेची शिष्यवृत्ती नाही. ज्याला आपण हौशी संशोधक म्हणतो तसा माणूस. ‘हौशी’ म्हणताना आपला सूर जरा खाली जातो, पण मराठ्यांच्या इतिहासाचे घर कोणी बांधले ते एकदा आठवून पाहा. राजवाडे पायपीट करून दप्तरे धुंडाळत फिरले. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळामास्तर होते. शाळा सुटल्यावर पटवर्धनांचे दप्तर वाचत बसायचे. सरदेसाई बडोद्याच्या महाराजांच्या नोकरीत होते. यांच्यापैकी इतिहासाचा पगार कोणालाही नव्हता.

पारसनीसांची तऱ्हा या सगळ्यांत वेगळी. राजवाडे तापट, सरकारपासून चार हात दूर. पारसनीस गोडबोले, साहेबांच्या बंगल्यावर जाणे-येणे असलेले, रावबहादूर. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी इंग्रजीत मराठ्यांचा तीन भागांचा इतिहास लिहिला. ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक १९०८ ते १९१६ चालवून त्यातून मोडी कागद छापून काढले. झाशीच्या राणीचे चरित्र त्यांनी चोविसाव्या वर्षी लिहिले. पुण्याच्या जुन्या काळावर १९२१ साली इंग्रजीत पुस्तक केले. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्यावर त्यांनी गौरवाने लिहिले आणि राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांच्या आपल्या तिसऱ्या खंडात त्याच स्वामींची सालटी काढली. त्या काळच्या वाचकांनी तो सामना चवीने पाहिला. संशोधकाच्या कठोरपणात राजवाडे वरचढ, यात मला शंका नाही. पारसनीसांच्या लिखाणात भक्ती जास्त, तपासणी कमी. कागद कुठल्या घरातून आला, कशाच्या शेजारी होता, हे ते पुष्कळदा सांगत नाहीत, आणि ही उणीव लहान नव्हे.

पण एक गोष्ट त्यांनी अशी केली की तिच्यापुढे बाकीचे उणे मी बाजूला ठेवायला तयार आहे. नाना फडणविसांचे खासगी दप्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात होते. ते पारसनीसांनी मिळवले. त्याबरोबर चित्रे, तसबिरी, नकाशे, पत्रे असे जे हाताला लागेल ते जमवले. त्यांची नजर फक्त कागदावर नव्हती, चित्रावरही होती, आणि मराठी संशोधकांत हे फार कमी आढळते. राजवाड्यांना एखादे चित्र दाखवले असते तर त्यांनी आधी पाठीमागचा मजकूर वाचला असता. पारसनीस चित्रही जपत आणि मजकूरही. पुरुषोत्तम विश्राम मावजी या मुंबईच्या श्रीमंत कलासंग्राहकाबरोबर त्यांनी तहनाम्यांची आणि सनदांची पुस्तके काढली. या मावजींचा चित्रसंग्रह १९१५ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाने घेतला. म्हणजे कागद आणि चित्र एकत्र पाहण्याची सवय असलेली ही एक छोटी मंडळी होती.

पारसनीसांच्या संग्रहासाठी साताऱ्याला वस्तुसंग्रहालय उभे राहिले, आणि १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा सगळा संग्रह तिकडे गेला. येरवड्याला आजही मराठा इतिहास संग्रहालय म्हणून तो पाहता येतो. आता चित्र असे तयार होते: वेल्सची रोजनिशी न्यू हेवनला, त्याने काढलेल्या नानांचे दप्तर येरवड्याला. रंगवणाऱ्याचे कागद एका खंडात, रंगवून घेणाऱ्याचे दुसऱ्या खंडात. मधला तिसरा दुवा मॅलेटच्या वकिलातीचा पत्रव्यवहार. तो सरदेसायांनी संपादित करून १९३६ मध्ये छापला.

हे तीन एकमेकांसमोर ठेवून वाचायचे म्हणजे काय करावे लागते, ते एकदा जवळून पाहू. समजा दप्तराचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला. वरचा कागद लांबट, हातकागद, बोरूने लिहिलेला. शिरोरेघ आधी एका दमात ओढलेली, अक्षरे तिला लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत. शेवटी तारीख: चंद्र अमुक, महिना मुसलमानी, आणि साल अरबी संख्यांत, ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’. इसन्ने दोन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले अकराशे ब्याण्णव. हा शुहूर सन. तो मृगाला बदलतो. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवले की १७९१ च्या जूनपासूनचे वर्ष येते, आणि पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत सहाशे मिळवायचे. वेल्स मुंबईला उतरला ते हेच साल. इंग्रजी रोजनिशीत तारीख ग्रेगरीची, मराठी कागदात चंद्राची, आणि दोन्ही जुळवल्याशिवाय एकाच दिवसाच्या या दोन बाजू आहेत हे कळत नाही. शिवाय इंग्रजांची नावे कारकुनाच्या कानाला लागली तशी उतरतात आणि मराठ्यांची नावे इंग्रजाच्या कानाला लागली तशी. सूची चाळून ‘वेल्स’ सापडेल अशी आशा धरणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परत येतो. खर्चाच्या यादीत, बिदागीच्या ओळीत, ‘चितारी’ म्हणून कुठे कोणी दिसतो का, हे वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागते. हे काम संगणकापेक्षा बैठकीने होते, आणि बैठक हा हौशी माणसाचा गुण आहे. त्याला सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा नसतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला गाठले. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, स्वतः सवाई माधवराव मोहिमेवर. निजाम हटत हटत निंबाळकरांच्या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि अडकला. तह झाला, निजामाचा दिवाण मशीर-उल-मुल्क पुणेकरांच्या ताब्यात द्यावा लागला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एका निशाणाखाली लढल्याचा हा शेवटचा मोठा प्रसंग. लढाईची तपशीलवार बातमी आज आपल्याला आहे ती मुख्यतः मिरजेच्या त्या शाळामास्तरांमुळे, खरेशास्त्र्यांनी छापलेल्या पटवर्धनी पत्रांमुळे. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले आणि पुढच्या महिन्यात वेल्स गेला. चित्रातला पेशवा आणि चित्र काढणारा, दोघांचा शेवट महिन्याभराच्या आत झाला. महादजी आदल्या वर्षीच, १७९४ च्या फेब्रुवारीत, वानवडीला वारले होते. वेल्सच्या चित्रांतली माणसे एकेक करून उठून गेली, उरले नाना.

नानांचे पुढे काय झाले ते नगरकरांनी तरी विसरू नये. १७९७ मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांकडून शिंद्यांकडे गेला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, भेटीला बोलावलेल्या नानांना दौलतराव शिंद्यांच्या फौजेतल्या मायकेल फिलोजने पकडले आणि त्यांची रवानगी आपल्या किल्ल्यात झाली. १७९८ च्या पावसाळ्यात सुटका झाली, आणि १३ मार्च १८०० ला ते गेले. आपण किल्ल्यात पाहुण्याला नेतो तेव्हा नेहरूंची खोली दाखवतो. तिथे १९४२ ते १९४५ या काळात ते बंदी होते, मौलाना आझादही होते, मोठमोठी पुस्तके तिथे लिहिली गेली, ते दाखवलेच पाहिजे. पण त्याच तटाच्या आत साठी जवळ आलेला, दरबारी राजकारणात मुरलेला एक कारभारी बंदीत बसला होता, हे कुठल्या फलकावर ठळक दिसत नाही. वेल्सच्या चित्रातला तो संशयी चेहरा घ्या आणि पाच वर्षे पुढे सरकवा. नगरचे नाना असे दिसले असतील. त्यांचे असे चित्र काढायला मात्र इथे कोणी चितारी नव्हता.

नगरची चित्रे नगरात न राहणे ही तशी जुनीच रीत. हुसेन निजामशाहाची स्तुती करणारी ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी सोळाव्या शतकात इथेच तयार झाली. आफताबी नावाच्या कवीची. तालिकोटची लढाई तिच्यात आहे, रामरायाचा वध आहे. राणी खुंझा हुमायूनही राजाशेजारी बसलेली होती. पुढे राजकारण फिरले आणि चित्रांतली तिची आकृती रंग फासून पुसण्यात आली. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत या पोथीची गणना होते. ती पोथी आहे पुण्याला, भारत इतिहास संशोधक मंडळात. मंडळाने ती नीट जपली, माते आणि कुलकर्णी यांनी १९८७ मध्ये ती प्रकाशितही केली, म्हणून तक्रारीला जागा नाही. तरी नगरच्या शाळेतल्या किती मुलांनी तिच्यातले एक पान छापील स्वरूपात तरी पाहिले असेल?

आता शेवटचे. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते तेही पेशाने इतिहासकार नव्हते, आणि इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी जुने रुमाल आहेत हे मला व्याख्यानापूर्वीच्या चहाला कळले. तेव्हा काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. रुमाल सोडून ‘महत्त्वाचे’ कागद वेगळे काढू नका. कोणता कागद कोणत्या कागदाजवळ होता हीच पारसनीसांच्या संग्रहातली हरवलेली माहिती आहे, ती तुमच्या घरी अजून शाबूत आहे. बांधणी जशी आहे तशी मोबाइलवर फोटो काढा, आधी गाठीचा, मग थराथराचा. कुठल्या खोलीत, कुठल्या पेटीत, कोणाच्या मागे आले ते एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी त्यातच ठेवा. प्लास्टिकच्या कव्हरात घालून लॅमिनेशन अजिबात करू नका. मी असे केलेले एक सनदपत्र पाहिले आहे, आता ते धड वाचताही येत नाही आणि सोडवताही येत नाही. घरातल्या एखाद्या चित्रामागे, तसबिरीच्या पुठ्ठ्यावर मजकूर असेल तर पुठ्ठा बदलण्याआधी त्याचाही फोटो घ्या. आणि खर्डा, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर इकडच्या मंडळींनी सरंजामाचे कागद सोडून जमाखर्चाच्या वह्याही दाखवाव्यात. चितारी, तांबट, सुतार अशा माणसांची नावे सनदांत येत नाहीत, खर्चात येतात. मोडी वाचणारी दोन तरुण मंडळी आज इथे मागच्या रांगेत बसली आहेत. व्याख्यान संपल्यावर त्यांना गाठा, मी थांबलेलो आहेच.